दंडशक्तीविना जमिनीची राखण : विनोबांचा अपुरा राहिलेला प्रयोग

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्ली या गावी विनोबा भावे पायी पोहोचले, तेव्हा त्या टापूतील माणसे दोन भीतींच्या कात्रीत सापडलेली होती. दिवसा पोलीस आणि लष्कर गावात येई, तर रात्री कम्युनिस्टांची सशस्त्र पथके. एकाला आसरा दिला की दुसऱ्याचा रोष ओढवे. या सगळ्याच्या मुळाशी जमीन होती. निजामाच्या राजवटीत हजारो एकर जमीन देशमुख आणि जागीरदार यांच्या हाती एकवटलेली होती आणि ती कसणाऱ्यांच्या वाट्याला कर्ज व वेठबिगार येत होती. १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शस्त्रे हाती घेतली, जमीनदारांना गावांतून पिटाळले आणि जमिनी आपसात वाटून घेतल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात उतरल्या आणि रझाकारांचा जुलूम संपला. मात्र त्याच फौजांच्या आश्रयाने पळालेले जमीनदारही गावोगाव परतू लागले आणि वाटल्या गेलेल्या जमिनींवर पुन्हा हक्क सांगू लागले. बंदुकीच्या बळावर हाती आलेली जमीन अधिक मोठ्या बंदुकीने परत जात होती.

पोचमपल्लीच्या हरिजन वस्तीतील ४० कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. निम्मी ओलिताची, निम्मी कोरडवाहू. सरकारला कळवून पाहतो, असे विनोबा प्रथम म्हणाले. त्यानंतर मात्र त्यांनी समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, की सरकार काही करू शकले नाही तर गाव काही करील काय. त्यावर वेदिरे रामचंद्र रेड्डी हे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर जमीन देऊ केली. मागणीपेक्षा २० एकर अधिक. पोलीस, न्यायालय वा बंदूक यांपैकी कशाचाही हात न लागता जमिनीने मालक बदलला होता. भूदान चळवळीचा जन्म तो हाच.

राज्यसंस्था नसेल तर बळजोराला कोण आवरील, हा राजकीय विचारातील फार जुना प्रश्न. राज्य हवेच, कारण त्याच्या दंडाच्या धाकाने दुबळ्याची भाकर सुरक्षित राहते, असे एक मत आहे. राज्य म्हणजेच बळजोरांची संघटना, असे दुसरे. ग्रंथालयात बसून या प्रश्नाची चर्चा अनेकांनी केली. विनोबांनी तो प्रश्न घेऊन तेरा वर्षे भारताच्या खेड्यांतून पायपीट केली. त्यांचे आयुष्य म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तराचा शोध होता. त्या शोधात त्यांच्या हाती काय लागले आणि काय निसटले, हे पाहणे आजही उद्बोधक आहे.

फणसाचे पहिले गरे

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या गावी झाला. वडील बडोद्यास नोकरीला होते. विनायकाचे बालपण आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणी यांच्या छायेत गेले. अंगणातल्या झाडाचा फणस उतरला, की त्याचे पहिले गरे घरात खायचे नाहीत, द्रोणांत भरून आधी शेजारीपाजारी वाटायचे, असा आईचा शिरस्ता होता. ते द्रोण पोहोचविण्याचे काम लहानग्या विनायकाकडे असे. देण्यात देवपण आहे आणि राखून ठेवण्यात राक्षसपण, हा आईचा साधा संस्कार होता. पुढे लाखो लोकांपुढे जमीन मागताना विनोबा आईची ही शिकवण वारंवार सांगत. मालमत्तेविषयीच्या त्यांच्या सगळ्या विचाराचे बीज त्या कोकणी अंगणात रुजले होते, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

पुढे कुटुंब बडोद्यास गेले. गणित आणि संस्कृत यांची विलक्षण ओढ असलेल्या या मुलाने आईच्या देखत चुलीत आपली प्रमाणपत्रे टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईला निघाला, सुरतेस गाडी सोडली आणि काशीची वाट धरली. हिमालयातील अध्यात्म आणि बंगालमधील क्रांती अशी दोन्ही आकर्षणे त्याच्या मनात होती. काशीत असताना गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. क्रांतीची आग आणि हिमालयाची शांती ही दोन्ही या एका माणसात आहेत, असे विनोबांना जाणवले. त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. १९१७ मध्ये आश्रमातून रजा घेऊन त्यांनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शास्त्रांचे अध्ययन केले. एप्रिल १९२१ मध्ये वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि वर्धा ही त्यांची कायमची कर्मभूमी ठरली.

स्वराज्याचे शास्त्र

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. ‘गीताई’ आणि ‘गीता प्रवचने’ यांनी विनोबांना मराठी घराघरांत पोहोचविले. पण राजकारणी म्हणून देशाला त्यांचे नाव कळले ते १७ ऑक्टोबर १९४० रोजी. वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली. त्याच काळात त्यांनी ‘स्वराज्य शास्त्र’ हे छोटेखानी पुस्तक सिद्ध केले. प्रश्नोत्तरांच्या रूपातील या पुस्तकात राज्यपद्धतींचा ऊहापोह आहे. एकाची सत्ता, काहींची सत्ता आणि सर्वांची सत्ता असे भेद करून सर्वांच्या सत्तेसाठी समाजात कोणते गुण असावे लागतात, याची चर्चा विनोबांनी त्यात केली.

गांधीजींप्रमाणेच विनोबाही राज्यसंस्थेकडे संघटित हिंसेचे रूप म्हणून पाहत. मात्र राज्य एका रात्रीत मोडावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांच्या मते प्रवासाचे तीन टप्पे होते. देशाची स्वतंत्र मध्यवर्ती सत्ता हा पहिला, विकेंद्रित ग्रामराज्यांचा दुसरा आणि शासनमुक्त समाजाचा तिसरा. पहिला टप्पा १९४७ मध्ये गाठला गेला होता. कम्युनिस्टांशी त्यांचा मतभेदही याच मुद्द्यावर होता. राज्य शेवटी विरून जाईल, असे मार्क्सचे अनुयायीही मानत. परंतु त्यासाठी आधी ते अतिबलाढ्य करावे लागेल, असा त्यांचा आग्रह होता. जी वस्तू संपवायची आहे ती आधी पोसण्यात विनोबांना शहाणपण दिसत नव्हते. तिचा क्षय आजपासूनच सुरू झाला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

फाळणीनंतरच्या अनुभवाने ही भूमिका अधिक पक्की झाली. १९४८ मध्ये ते निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या कामात उतरले. मेवात भागातील मेव मुसलमान दंगलीत घरादाराला आणि शेतीला पारखे झाले होते. त्यांना पुन्हा आपल्या जागी बसविण्यासाठी विनोबांनी खटपट केली. पंजाबातून आलेल्या हरिजन निर्वासितांना जमीन मिळावी म्हणूनही त्यांनी प्रयत्न केले. पण सरकारी आश्वासने प्रत्यक्षात उतरली नाहीत. हिंसेने हिरावलेले परत मिळविण्याची सरकारची ताकद किती तोकडी असते, याचे दर्शन त्यांना जवळून घडले. पवनारला परतून त्यांनी पैशावाचून आणि बैलावाचून शेती करण्याचा कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. तो चालू असतानाच शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी ते मार्च १९५१ मध्ये पायी निघाले आणि तेथून तेलंगणात शिरले.

तिसरी शक्ती

तेलंगणात जाण्याआधी विनोबा हैदराबादच्या तुरुंगात कम्युनिस्ट कैद्यांना भेटले होते. त्यांच्या त्यागाविषयी त्यांना आदर होता आणि त्यांनी हाती घेतलेला प्रश्न खरा आहे, हेही त्यांना मान्य होते. पोचमपल्लीनंतर तेलंगणातील ५१ दिवसांच्या पदयात्रेत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली. कम्युनिस्टांच्या बंदुकीने घाबरलेल्या जमीनदारांनी संताच्या झोळीत थोडे टाकून बाकीचे वाचविले, अशी टीका तेव्हाच झाली. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. हे दान प्रेमाचे की भीतीचे, याची परीक्षा भीती नसलेल्या प्रदेशात होणार होती. सप्टेंबर १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून नियोजन मंडळाशी चर्चेसाठी विनोबा दिल्लीस निघाले, तेही पायीच. जेथे सशस्त्र पथकांचा मागमूस नव्हता अशा त्या वाटेवरही जमीन मिळत गेली. तेव्हा मात्र देशभर कुतूहल जागे झाले.

पाच मुलगे असतील तर मला सहावा माना आणि सहावा हिस्सा द्या, अशी त्यांची मागणी असे. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर जमीन मिळविण्याचे लक्ष्य त्यांनी जाहीर केले. मे १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यातल्या मंगरोठ गावाने एक पाऊल पुढे टाकले आणि गावातील जमीनच दान दिली. ग्रामदानाची कल्पना येथून आली. बिहारच्या यात्रेत वीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे मिळाली. १९५४ मध्ये बोधगया येथे जयप्रकाश नारायण यांनी या कामासाठी जीवनदान जाहीर केले.

१९५३ मध्ये चांडील येथील संमेलनात विनोबांनी आपल्या विचाराची नेमकी मांडणी केली. हिंसाशक्ती एक आणि राज्याची दंडशक्ती दुसरी. त्यांना अभिप्रेत असलेली लोकशक्ती ही तिसरी होती. हिंसेची ती विरोधी, तर दंडशक्तीहून ती वेगळी. दंडशक्तीला ते शत्रू मानत नव्हते, पण तिच्या हातून समाज बदलत नाही, असे त्यांचे निदान होते. मालकीची हाव हेच लुटीचे कारण असेल, तर पहारेकरी वाढवून लूट थांबणार नाही. जमीन हवा-पाण्यासारखी सर्वांची झाली, तर लुटायला काही उरणार नाही आणि पहाऱ्याचेही कारण राहणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

हा विचार त्यांनी स्वतःच्या देहावरही पडताळून पाहिला. सप्टेंबर १९५३ मध्ये वैद्यनाथधाम येथील मंदिरात हरिजनांसह जात असताना पंड्यांनी त्यांना व सहकाऱ्यांना मारहाण केली. विनोबांच्या कानाला इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, असे मात्र त्यांनी इच्छिले नाही.

पोलिसाऐवजी शांतिसैनिक

गाव मालकी सोडील, पण बाहेरून कोणी चालून आले किंवा आतच भांडण पेटले तर काय करायचे, या प्रश्नाला विनोबांनी बगल दिली नाही. ऑगस्ट १९५७ मध्ये केरळच्या यात्रेत त्यांनी शांतिसेनेची स्थापना केली. दर पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक असावा, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हाच्या लोकसंख्येला देशभर सुमारे ७० हजार सैनिक पुरले असते. एरवी त्यांनी गावाची सेवा करावी आणि दंगलीच्या वेळी निःशस्त्र मध्ये उभे राहून प्रसंगी प्राण द्यावा, अशी कल्पना होती. या सैनिकांचे पोषण करातून व्हायचे नव्हते. घरोघर एक सर्वोदय पात्र ठेवावे, घरातल्या मुलाने रोज मूठभर धान्य त्यात टाकावे आणि त्यावर सेना चालावी. जो धान्य टाकील तो अशांतीत भाग न घेण्यास बांधला जाईल, अशी त्यामागची योजना होती. कर, पोलीस आणि नागरिक यांच्यातील जुन्या व्यवहाराला काढलेला हा पर्याय होता.

या काळात चळवळ तिच्या कीर्तीच्या शिखरावर होती. सप्टेंबर १९५७ मध्ये म्हैसूरजवळील येलवाल येथे ग्रामदानावर विचार करण्यासाठी परिषद भरली, तेव्हा राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद एका ठिकाणी आले होते. १९५८ मध्ये विनोबा महाराष्ट्रात आले. पंढरपूरला अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. खानदेशातील अक्राणी महालाच्या आदिवासी गावांनी ग्रामदानाला दिलेल्या प्रतिसादाची तेव्हा बरीच चर्चा झाली.

सर्वांत मोठी कसोटी मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात लागली. लूट हाच ज्यांचा व्यवसाय, त्या बागींच्या प्रदेशात हा निःशस्त्र वृद्ध शिरला. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदार सिंग याने तुरुंगातून विनोबांना पत्र लिहिले होते आणि मेजर जनरल यदुनाथ सिंग यांनी मध्यस्थी केली. वर्षानुवर्षे पोलिसांना हुलकावणी देणाऱ्या २० जणांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. देश थक्क झाला. पोलीस दलातून मात्र नाराजीचा सूर उमटला. दरोडेखोरांभोवती तेजोवलय निर्माण होते आणि त्यांच्याशी लढताना बळी पडलेले पोलीस विस्मरणात जातात, असा त्यांचा आक्षेप होता. शरण आलेल्यांना कायद्यातून सूट देण्याचे वचन विनोबांनी दिले नव्हते. त्यांच्यावर खटले चालले, शिक्षाही झाल्या. दंडशक्तीला जे साधले नाही ते येथे लोकशक्तीने करून दाखविले, पण त्या माणसांचे पुढे काय करायचे हे शेवटी दंडशक्तीनेच ठरविले. १९७२ मध्ये जयप्रकाशांच्या पुढाकाराने चंबळमध्ये याहून कितीतरी मोठे शरणागतिसत्र घडले. त्याची वाट १९६० च्या प्रयोगाने तयार केली होती.

शांतिसेनेची संख्या मात्र कधीच अपेक्षेच्या जवळ पोहोचली नाही. ती काही हजारांच्या घरातच राहिली. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी सीमेवर निःशस्त्र प्रतिकार करण्याइतके बळ तिच्याजवळ नव्हते. पुढच्या वर्षी शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीहून पेकिंगच्या दिशेने मैत्रीयात्रा निघाली, परंतु चीनने तिला प्रवेश दिला नाही.

कागदावरची गावे

भूदानाची खरी परीक्षा जमीन मिळविताना झाली नाही, ती जमीन टिकविताना झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दान मिळालेल्या जमिनीचा आकडा सुमारे ४२ लाख एकरांवर पोहोचला. भारतातल्या कोणत्याही एका माणसाच्या शब्दाखातर एवढी जमीन यापूर्वी कोणी सोडली नव्हती. पण त्यांपैकी सुमारे १२ लाख एकरच तोवर भूमिहीनांना वाटली गेली होती. उरलेल्यातील बरीचशी खडकाळ, जंगलाखालची, नदीपात्रातली किंवा खटल्यात अडकलेली निघाली. काही दात्यांनी आपल्या मालकीची नसलेलीच जमीन देऊन टाकली होती. काहींच्या वारसांनी दान नाकारले.

याहून कटू अनुभव ज्यांना जमीन मिळाली त्यांतील अनेकांच्या वाट्याला आला. बिहारसारख्या प्रांतात दानपत्राचा कागद हाती आला, पण सरकारी दफ्तरात नाव चढले नाही. दात्याच्या मुलाने किंवा शेजारच्या बलदंड शेतकऱ्याने लाठ्याकाठ्यांनिशी बेदखल केले, तर दाद कोठे मागायची? विनोबांची पदयात्रा केव्हाच पुढच्या जिल्ह्यात गेलेली असे. गावात शांतिसैनिक नसे. उरत असे तो पोलीस ठाण्याचा उंबरठा, आणि तेथे कोणाचे वजन चालते हे भूमिहीनाला पुरते ठाऊक होते. ज्या राज्ययंत्रणेला ओलांडून जायचे होते, तिच्याच दाराशी चळवळीचा लाभार्थी उभा राहत होता.

चळवळीलाही राज्याचा आधार टाळता आला नाही. दान कायदेशीर व्हावे म्हणून उत्तर प्रदेशात १९५२ मध्ये आणि बिहारमध्ये १९५४ मध्ये भूदानाचे कायदे झाले. इतर राज्यांनीही ते केले. दुसरीकडे विनोबांचे मन उलट दिशेने धावत होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये पळणी येथे त्यांच्या प्रेरणेने चळवळीने निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती जाहीर केली. गांधी स्मारक निधीचे साहाय्य बंद झाले आणि ठिकठिकाणच्या भूदान समित्या विसर्जित झाल्या. शासनमुक्त समाज घडविणारी चळवळ स्वतः तरी यंत्रणेच्या जोखडात का असावी, हा विचार तत्त्वतः बिनतोड होता. व्यवहारात मात्र वाटप, मोजणी आणि बेदखल झालेल्यांचा पाठपुरावा ज्यांनी करायचा, ते हातच त्यामुळे उणे झाले. अनेक सहकाऱ्यांना हा निर्णय पुढे खटकत राहिला.

एप्रिल १९६४ मध्ये विनोबा तेरा वर्षांनी पवनारला परतले. पुढच्या वर्षी बिहारमध्ये तुफान यात्रा सुरू झाली. ग्रामदानाच्या अटी आता सुलभ केल्या होत्या. जमिनीची कायदेशीर मालकी ग्रामसभेकडे द्यायची, विसावा हिस्सा भूमिहीनांना वाटायचा, उरलेली जमीन कसत राहायची आणि उत्पन्नाचा चाळिसावा भाग ग्रामकोशात टाकायचा. संकल्पपत्रांवर सह्यांचा पाऊस पडला. १९६९ पर्यंत ग्रामदानी गावांची संख्या लाखाच्या पुढे गेली आणि राजगीरच्या संमेलनात बिहारदान घोषित झाले. पण सही आणि प्रत्यक्ष हस्तांतरण यांत मोठी दरी होती. याच काळात, १९६७ मध्ये, उत्तर बंगालमध्ये नक्षलबारीचा उठाव झाला आणि जमीन बळाने घेण्याचा मार्ग पुन्हा पुढे आला.

जून १९७० मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातील मुसहरी भागात सर्वोदय कार्यकर्त्यांना नक्षलवाद्यांकडून ठार मारण्याच्या धमक्या आल्या. विश्रांतीसाठी हिमालयात गेलेले जयप्रकाश ती सोडून तेथे धावले आणि गावोगाव हिंडले. कागदोपत्री ज्या प्रदेशाने ग्रामदान केले होते, तेथे मजुरांना राहत्या झोपडीच्या जागेचाही हक्क नव्हता. मिळालेल्या जमिनींवरून माणसे हुसकली गेली होती आणि किमान मजुरीचा कायदा कोणाच्या गावी नव्हता. या हिंसेची बीजे कायद्याच्या आणि आपल्याही अपयशात आहेत, हे जयप्रकाशांनी प्रांजळपणे मान्य केले. गुरुतुल्य सहकाऱ्याच्या मार्गापासून त्यांची वाट येथूनच हळूहळू वेगळी होऊ लागली.

अखेरचे मौन

१९७४ मध्ये बिहारचे आंदोलन पेटले आणि सर्वोदय परिवार दुभंगला. अन्यायी सत्तेशी संघर्ष केल्यावाचून लोकशक्ती उभी राहणार नाही, असे जयप्रकाशांना वाटू लागले होते. सत्तेशी झुंजणे म्हणजे सत्तेलाच मध्यवर्ती मानणे, अशी विनोबांची धारणा होती. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांनी वर्षभराचे मौन घेतले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, जयप्रकाश तुरुंगात गेले आणि पवनारमध्ये विनोबांनी लिहिलेला अनुशासनपर्व हा शब्द सरकारी प्रचाराने भिंतीभिंतीवर नेला. शासन सत्ताधाऱ्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, असा खुलासा त्यांनी मौन सुटल्यावर केला. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला भरलेल्या आचार्य संमेलनाने राजकीय कैद्यांविषयी आणि परिस्थिती पूर्ववत होण्याविषयी अपेक्षाही व्यक्त केली. पण तोवर सरकारी संत हा शिक्का बसून गेला होता. राज्यावाचून समाज चालावा म्हणून आयुष्य वेचणाऱ्या माणसाच्या शब्दाचा उपयोग निरंकुश राज्यासाठी व्हावा, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत वेदनादायक विरोधाभास आहे. त्याची जबाबदारी केवळ प्रचारकांवर टाकता येत नाही. सत्तेला शत्रू न मानण्याची त्यांची वृत्ती चंबळमध्ये त्यांचे सामर्थ्य ठरली होती. आणीबाणीत तीच त्यांची मर्यादा ठरली.

नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी अन्न आणि औषध घेणे थांबविले. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या, तरी निर्णय बदलला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, धाम नदीच्या काठावरील आश्रमात त्यांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

प्रयोगाची शिल्लक

राज्य नसताना बळजोरी रोखता येईल काय, या प्रश्नाला विनोबांच्या आयुष्यातून सरळ होकार वा नकार मिळत नाही. जमीन बाळगणारा माणूस केवळ धाकानेच ती सोडतो, हा समज मात्र त्यांनी खोटा ठरविला. शस्त्रधारी माणूस केवळ शस्त्रापुढेच वाकतो, हेही खरे नाही, असे चंबळने दाखविले. पण मन वितळण्याचा क्षण आणि त्यानंतरची वर्षे यांत फरक असतो. दान एका संध्याकाळी होते. त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते. ती राखण करायला गावात संघटित, जागरूक माणसे नसतील, तर दंडशक्तीने मोकळी केलेली जागा लोकशक्तीच्या हाती येत नाही. ती जागा गावातला लाठीवाला बळकावतो.

ज्या मोजक्या ठिकाणी अशी माणसे होती, तेथे विनोबांचा विचार तग धरून राहिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव त्याचे उदाहरण. तेथे ग्रामसभा वर्षानुवर्षे सर्वसहमतीने निर्णय घेत आली. २००९ मध्ये वनहक्क कायद्यानुसार सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन गावाने आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. कायदा राज्याचाच होता. मात्र त्या कायद्यात जीव ओतणारी माणसे गावातच होती आणि ती रोज एकमेकांना भेटत होती.

पोचमपल्लीला आज भूदान पोचमपल्ली म्हणतात. इकतच्या साड्यांसाठी ते जगभर ओळखले जाते. १९५१ च्या त्या संध्याकाळी तेथे कोणी पोलीस बोलावला नव्हता आणि कोणी बंदूक उगारली नव्हती. आपण होऊन जमीन देणारा एक माणूस तेथे भेटला, यावर विनोबांनी तेरा वर्षांचा प्रवास उभारला. त्या जमिनीची राखण पुढे कोणी करायची, हा त्यांच्यामागे राहिलेला प्रश्न मात्र ज्याने त्याने आपापल्या गावात सोडवायचा आहे.